मदत हवी आहे : निधी संपायच्या आत एचआयव्ही विभागाची शिस्त सगळ्या प्रयोगशाळेत कशी न्यावी?

नमस्कार,

इथे प्रयोगशाळेत काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गुणवत्तेचं काम बघते. माझा पगार एचआयव्ही कार्यक्रमाच्या परदेशी निधीतून होतो. तो निधी अजून नऊ महिने आहे, पुढचं काहीही लेखी आलेलं नाही.

आमच्याकडे दोन फ्रीज शेजारी शेजारी आहेत. एकात एचआयव्हीची किट असतात. त्याच्या दारावर तापमानाचा तक्ता आहे, सकाळ-संध्याकाळ नोंद होते, सही होते. दुसऱ्यात बायोकेमिस्ट्रीचे रीएजंट (तपासणीची रसायनं), आणि त्यात थर्मामीटरसुद्धा नाही. दोन्ही फ्रीज उघडणारी माणसं तीच. म्हणजे त्यांना येत नाही असं अजिबात नाही.

दोन महिन्यांपूर्वी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, डॉक्टरांचा फोन आला. टेनोफोविर या एचआयव्हीच्या औषधावर असलेल्या एका पेशंटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) एकदम वाढलेलं आलं होतं. या औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते औषध बदलायच्या विचारात होते. पण पेशंट ठणठणीत दिसत होता म्हणून त्यांनी आधी आम्हाला विचारलं. मी रजिस्टर काढलं. त्या दिवशी कंट्रोल, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय का हे बघायचा, आधीच आकडा माहीत असलेला नमुना, लावलाच नव्हता. आदल्या आठवड्यातले कंट्रोल हळूहळू वर सरकत गेलेले होते, पण लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर (कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायचा आलेख) कोणी उतरवलेच नव्हते, त्यामुळे दिसले नाहीत. कॅलिब्रेशन करून (यंत्राचं मोजमाप जुळवून) तेच सॅम्पल पुन्हा लावलं तर क्रिएटिनिन नॉर्मल. याच माणसाचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) आम्ही प्रत्येक रनला कंट्रोल लावून करतो. मला त्या रात्री झोप लागली नाही. एचआयव्हीच्या पेशंटला फक्त एचआयव्हीच्या तपासण्या लागत नाहीत. झिडोव्हुडिन या औषधावर असलेल्याचं हिमोग्लोबिन बघावं लागतं, नेव्हिरॅपिनवर असलेल्याचं यकृत. ही सगळी कामं त्या दुसऱ्या फ्रीजच्या बाजूला होतात.

वरिष्ठांना सांगितलं तर उत्तर येतं, "ते प्रोजेक्टचं आहे, आपलं नाही." हे मला पटत नाही. मोझांबिकमधल्या २००८च्या मापुटो जाहीरनाम्यात एकेका आजाराची वेगळी प्रयोगशाळा न ठेवता सगळी व्यवस्थाच एकत्र मजबूत करावी असंच म्हटलं होतं. २००९ साली रवांडातल्या किगालीत प्रयोगशाळांना टप्प्याटप्प्याने मानांकनाकडे नेणारा कार्यक्रम सुरू झाला, त्यामागेही मुख्यतः एचआयव्हीचाच पैसा होता. त्याची जी तपासणी यादी आम्ही वापरतो तिचे १२ विभाग आहेत : कागदपत्रं, माणसं, उपकरणं, खरेदी-साठा, चुकांची नोंद वगैरे. गुणांप्रमाणे तारे मिळतात : ५५ टक्क्यांना पहिला तारा, ९५ टक्क्यांना पाचवा. पण आम्ही ती यादी फक्त मॉलिक्युलरच्या, म्हणजे व्हायरल लोडच्या, खोलीपुरती भरतो, आणि तारे दाखवताना नाव अख्ख्या प्रयोगशाळेचं लावतो. हे मला खुपतं.

तर प्रश्न असे. नऊ महिन्यांत सगळं होणार नाही, मग सुरुवात कुठून करू? बाह्य गुणवत्ता तपासणीचे पॅनेल (आमचे निकाल पडताळायला बाहेरून येणारे नमुने) एचआयव्हीसाठी निधीतून येतात, बायोकेमिस्ट्रीसाठी पैसेच नाहीत. काही पर्याय आहे का? आणि ज्यांना प्रोजेक्टचं प्रशिक्षण कधी मिळालं नाही, त्यांना "आता तुम्हीही चार्ट भरा" कोणत्या तोंडाने सांगू? त्यांचं वाईट वाटणं मला समजतं. कृपया अनुभवातून सांगा.

प्रतिसाद १

ताई, सगळ्या विभागांची एसओपी (कामाची लेखी पद्धत) लिहायला बसू नका. नऊ महिने त्यातच जातील. तुमच्याच लिखाणात उत्तर आहे : क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन, दोनच तपासण्या धरा. ज्यांचे आकडे बघून डॉक्टर औषध बदलतात त्या आधी.

तयार कंट्रोल पुरेसा परवडत नसेल तर रोज थोडा तरी वापरा, आणि जोडीला उरलेलं सीरम एकत्र करून स्वतःचा पूल बनवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह असलेलंच घ्या. छोट्या नळ्यांत भरून गोठवा, रोज एक काढा. आधी वीसेक दिवसांचे आकडे जमवून सरासरी आणि एसडी (आकडे सरासरीपासून किती पसरतात ते माप) काढा, मग चार्ट सुरू करा. हिमोग्लोबिनला हे चालत नाही, रक्तपेशी गोठवल्या की फुटतात. तिथे आदल्या दिवशीची दोन-तीन ईडीटीए सॅम्पल (गोठू नये म्हणून रसायन घातलेल्या नळीतलं रक्त) फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. फरक किती चालेल ते आधीच लिहून ठेवा.

पॅनेल नसेल तर दुसऱ्या चांगल्या प्रयोगशाळेशी सॅम्पलची अदलाबदल करा. पॅनेल मिळतच नसेल तर आयएसओ १५१८९ला (वैद्यकीय प्रयोगशाळांचं आंतरराष्ट्रीय मानक) असा पर्याय मान्य आहे, फक्त निकष आणि निकाल कागदावर हवेत.

प्रतिसाद २

माणसांबद्दल लिहितो. आमच्याकडे हेच झालं होतं. मी प्रशिक्षण "द्यायचं" सोडलं आणि बायोकेमिस्ट्रीतल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन बाईंना व्हायरल लोडच्या खोलीचं अंतर्गत ऑडिट करायला लावलं. त्यांनी आमच्या तीन चुका काढल्या. पुढच्या महिन्यात स्वतःच्या बाकावर त्यांनी आपणहून चार्ट लावला.

आणखी एक. यंत्राचा करार आत्ताच बघा. रीएजंटच्या दरातच देखभाल धरलेली असेल तर निधी गेल्यावर तो दर कोण देणार, हे आजच लेखी विचारा. तुमच्या पदाचंही तसंच. पत्र पाठवताना क्रिएटिनिनचा तो प्रसंग, पेशंटचं नाव वगळून, जोडा. टक्केवारीपेक्षा तो वाचला जाईल.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. पूलची कल्पना आजच बोलले, सीरम गोळा करायला सोमवारपासून सुरुवात करतोय. ऑडिटसाठी हिमॅटॉलॉजीच्या (रक्तपेशी तपासणाऱ्या विभागाच्या) दादांना विचारलं, ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "यादी आज घरी नेऊ का?" दुसऱ्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवला. पहिलीच नोंद १३ अंश, हवे होते २ ते ८. आतले रीएजंट बाजूला काढले आहेत. ते टाकायचे की कंट्रोल लावून तपासून वापरायचे, यावर कंपनीला कळवलंय. तुमचा काही अनुभव असेल तर तोही सांगा.