मदत हवी आहे: चिखलदऱ्याच्या घाटात ब्रेकचं पेडल तळाला गेलं, सुधारणा कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, मानेवाड्याला राहतो. गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जॅम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. ९४ हजार किलोमीटर झालेत. दोन प्रसंग घडले, दोन्ही नीट सांगतो, म्हणजे तुम्हाला नेमकं काय ते कळेल.

दिवाळीनंतर आई-बाबा, बायको आणि मुलगी यांना घेऊन चिखलदऱ्याला गेलो होतो. परत येताना परतवाड्याकडे घाट उतरत होतो, गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि पाय जवळपास सतत ब्रेकवर. अर्ध्या वाटेत जळकट वास यायला लागला. दोन वळणांनंतर पेडल एकदम मऊ पडलं आणि तळाला टेकलं. दोन-तीनदा पंप केलं तेव्हा कुठे थोडी पकड आली. गाडी दुसऱ्या गिअरला आणली, हळूहळू हँडब्रेक ओढला आणि कडेला लावली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं लागलं. आई काही बोलली नाही, पण परतवाडा येईपर्यंत तिने माझ्या सीटची पाठ घट्ट धरून ठेवली होती.

दुसरा प्रसंग मागच्या आठवड्यातला. रात्री आउटर रिंग रोडवर मागचे दिवे नसलेला ट्रॅक्टर अचानक समोर दिसला. पूर्ण जोर देऊन ब्रेक दाबला, चाकं जॅम झाली आणि गाडी घासत गेली. स्टिअरिंग फिरवलं तरी सरळच जात होती. ट्रॉलीच्या हातभर मागे थांबली.

आमच्या भागातला गॅरेजवाला म्हणतो, पुढे मोठ्या आणि भोकं पाडलेल्या डिस्क टाका, मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क बसवा. खर्च पन्नास हजारांच्या घरात. पैसे घालायला मी मागेपुढे पाहणार नाही, घरची माणसं बसतात गाडीत. पण आधी पॅड, मग डिस्क, मग स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या), शेवटी मागच्या डिस्क, असं टप्प्याटप्प्याने केलं तर चालेल का? ब्रेक ऑइल कधी बदललं ते मला आठवत नाही. मी सेकंडहँड घेतल्यापासून पाच वर्षांत तरी नाही.

प्रतिसाद १

दादा, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच उत्तर आहे. पेडल मऊ पडून तळाला जाणं ही पॅडची किंवा डिस्कची तक्रार नाही. पॅड तापून निकामी झाले असते तर पेडल कडकच राहिलं असतं, फक्त गाडी थांबली नसती. मऊ झालं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. उकळल्यावर लाइनमध्ये वाफ होते, पायाचा जोर ती वाफ दाबण्यात जातो, कॅलिपरपर्यंत (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत) पोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, म्हणून अर्ध्या तासाने सगळं ठीक वाटलं.

आता पाणी आलं कुठून? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल धरल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी कमी चालली तरी. आपल्याकडे लोक उन्हाला दोष देतात, पण नागपूरच्या ४५ अंशांनी ऑइल उकळत नाही. त्याला पावसाळा खातो.

पहिलं काम: डॉट ४ चं सीलबंद डबं आणून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढत सगळं ऑइल बदला. अर्धं वापरून ठेवलेलं डबं चालणार नाही. आणि नाव सारखं दिसलं तरी डॉट ५ घालू नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही.

प्रतिसाद २

भाऊ, वरच्यांचं बरोबर आहे, त्यात माझी भर. मी बारा वर्षं गॅरेजात काम केलं आहे. तुमच्या वयाच्या गाड्यांत मला नेहमी सापडायच्या त्या दोन गोष्टी. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना सुकून अडकतात, मग एकच पॅड झिजतो आणि ब्रेक सोडला तरी डिस्कला घासत राहतो. घाटात तापायला तेवढं पुरतं. दुसरं, मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या) ढिले पडतात. मग पेडल लांब जातं आणि सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो. हँडब्रेक किती खाचा वर ओढावा लागतो ते आजच पाहा.

पॅडचं अस्तर ३ मिमीच्या खाली असेल तर बदलाच. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्याच कडेला कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर लेथवर टर्न करून वापरू नका, नवीन जोडी टाका. भोकं पाडलेल्या डिस्कची तुम्हाला गरज नाही. भोकांपाशी चिरा जायला सुरुवात होते, हे मी हाताने पाहिलं आहे. जाळीच्या होजने पेडल कडक वाटतं, पण थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही.

आणि मागच्या डिस्कचा हट्ट तर सोडाच. पुढे-मागे जोर किती वाटायचा ते कंपनीने मोजून ठरवलेलं असतं. मागे जास्त जोर गेला की मागची चाकं आधी जॅम होतात आणि गाडी गरकन फिरते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. उद्या क्लेम करताना विमावाले तेच काढतील.

प्रतिसाद ३

ट्रॅक्टरच्या प्रसंगाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. तुमची चाकं जॅम झाली, म्हणजे ब्रेकने आपलं काम पूर्ण केलं. कमी पडला तो टायर. चाक थांबवू शकणाऱ्या ब्रेकच्या जागी आणखी मोठा ब्रेक लावला तर चाक आणखी लवकर थांबेल, गाडी तेवढीच घासत जाईल. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो वाचून इथे सांगा.

थोडा हिशोबही करून पाहा. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर ताशी ६० ला गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते, ८० ला ३५ मीटर लागतात. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, अंतर पावणेदोनपट झालं. त्यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, ८० ला तेवढ्यात २२ मीटर निघून जातात. एबीएस नसलेल्या गाडीत चाक घासायला लागलं की पाय किंचित सैल करायचा, म्हणजे स्टिअरिंग पुन्हा ऐकतं. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात ताशी ३० वर सराव करा. आणि घाट ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या एका वेगळ्या मेकॅनिककडे गाडी उघडली. जुनं ऑइल चहासारखं काळपट निघालं. डावीकडची खालची स्लाइड पिन पूर्ण अडकलेली होती, आतला पॅड २ मिमी, बाहेरचा ६. हँडब्रेक अकरा खाचा. डिस्कची जाडी अजून मर्यादेत आहे. पॅड मूळ कंपनीचेच टाकले, पिनांना ब्रेकचं ग्रीस लावलं, मागचे शू घट्ट केले, डॉट ४ भरलं.

नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून आज पहाटे जामठ्याच्या पुढे मोकळा रस्ता पाहून ६० वरून १५ पर्यंत दहा वेळा बेताने ब्रेक लावले, मध्ये थोडं थंड होऊ दिलं, एकदाही पूर्ण थांबलो नाही. पेडल आता वरच लागतं.

टायरवर ३११५ लिहिलं आहे, म्हणजे २०१५ चे. खाच शिल्लक होती म्हणून मी आजवर लक्षच दिलं नाही. सध्या १६५/८० आर १४ मापाचे आहेत. माझ्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी १८५/६५ आर १५ देते, बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच भरतो. रिम धरून तिकडे जावं की याच मापाचे चांगले टायर घ्यावेत? हे मार्चच्या आत करायचं आहे, आईला रामटेकला न्यायचं कबूल केलं आहे.