शब्दचर्चा: ‘अटॅचमेंट डिसॉर्डर’ला घरात काय म्हणावे?

डिचोलीहून:
बहिणीने तीन वर्षांची मुलगी दत्तक घेतलीय. डॉक्टरांनी कागदावर ‘अटॅचमेंट डिसॉर्डर’ लिहिले. आजोबांना ‘संलग्नता विकार’ सांगितले, तर विचारतात, कुठल्या विद्यापीठाशी?

पणजीहून:
‘आसक्ती’ही नको, ती गीतेने सोडायला सांगितलीय. ‘लळा’ घ्या. ‘तिने आम्हाला लळा लावला’ आणि ‘तिला आमचा लळा लागला’ या दोन वेगळ्या गोष्टी. तुमच्याकडे पहिली झाली, दुसरी अडलीय.

फोंड्याहून:
लळा बरोबर, पण अर्ध्यापुरता. 2013च्या डीएसएम-5मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात, याचे दोन स्वतंत्र विकार केलेत. एकात मूल दुखले-खुपले तरी कुणाकडे धावत नाही; अंगणात पडते, चिऱ्यावर गुडघा सोलवटतो, आणि उठून मुकाट पायरीवर जाऊन बसते. दुसऱ्यात ते अनोळखी माणसाचे बोट धरूनही बिनदिक्कत निघते. चवथीला आलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर बसले की पाहुणे म्हणणार, ‘काय लाघवी पोर!’ एरवी आपपरभाव नसणे हा गुण. इथे तेच लक्षण. रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांतली जी मुले सांभाळायला कुटुंबांत दिली, त्यांच्यात पहिल्या प्रकारची लक्षणे पुष्कळ ओसरली, दुसऱ्या प्रकारची मात्र चिवट निघाली.

डिचोलीहून:
आमची पहिल्यातली. शेजारी ‘माणूसघाणी’ म्हणून मोकळे. एक काकी तर म्हणाल्या, रक्ताचे नाते नाही ना, म्हणून.

फोंड्याहून:
काकींना सांगा, रक्ताचा संबंध नाही. तान्हेपणी अतोनात आबाळ झाली, किंवा सांभाळणारी माणसे सारखी बदलत राहिली, की असे होते. सख्ख्या घरातही होऊ शकते. ‘माणूसघाणी’ हा स्वभाव झाला, त्यात मुलीलाच बोल लागतो. आणि माया लावायची म्हणून तिला बळेच कवटाळून धरू नका. असल्या ‘उपचारां’त परदेशात मुले दगावलीत.

पणजीहून:
म्हणून विकार-बिकार राहू दे. ‘तिला अजून लळा लागायचाय’ म्हणा. या ‘लागायचाय’मध्ये वाट बघणे आपोआप येते.

डिचोलीहून:
सांगितले. आजोबांना पटले. लगेच पुढचा प्रश्न, मग तिला नेवरी (करंजी) कोणी द्यायची?

फोंड्याहून:
सध्या आईनेच. भरवणे, न्हाऊ घालणे, निजवणे, सगळे शक्यतो त्याच दोन हातांनी. आजोबांनी नेवरी आईच्या हातात द्यावी.

डिचोलीहून:
रुसतील. पण देतील.