दालचिनीची पूड नको, काड्याच घ्या

कुणीतरी विचारलंय, थँक्सगिव्हिंगला (अमेरिकेतला नोव्हेंबरातला सण) घर दरवळावं म्हणून मसाले-फळं घातलेल्या पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवायचं तर त्यात दालचिनीची पूड चालेल का. चालेल, पण पाणी गढूळ होतं नि तळाशी चिकट थर बसतो. काड्याच घ्या. संत्र्याच्या चकत्या, मूठभर क्रॅनबेरी (छोटी आंबट लाल फळं), चार-पाच लवंगा, रोझमेरी या सुगंधी पाल्याची एक डहाळी, बास. लवंग जास्त झाली की घराला दातांच्या दवाखान्याचा वास येतो! उकळी आली की आच अगदी मंद करा; खळाखळा उकळलं तर नुसतं पाणी आटतं. अधूनमधून गरम पाण्याची भर घाला. बाहेर जाताना किंवा झोपताना गॅस बंद, हे मात्र नक्की. आणि दिवाळीच्या फराळातली वेलचीची टरफलं उरली असतील तर तीही टाका, संत्र्याबरोबर फार छान लागतात नाकाला.