टॅपेट उघडण्याआधी मॅनिफोल्ड बघा

गाडीचं थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर गायब होतो, असं होतंय का? मग लगेच टॅपेटवर (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) खापर फोडू नका. मीही फोडलं होतं, दोनदा सेटिंग करून घेतलं, आवाज तसाच! निघाला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातला जळका गॅस गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांचा, तुटका स्टड (त्यांना इंजिनाला घट्ट धरणारा बोल्ट). त्यामुळे जोडात पडलेल्या फटीतून निसटणारा गॅस हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. धातू तापून फुगला की फट बुजते. इंजिन थंड असताना मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा काळा ओघळ दिसतो का बघा. चढावर, लोड आल्यावर आवाज वाढला तर संशय आणखी बळावतो. हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबावर चालणारे टॅपेट) असतील तर ऑइलची पातळी आणि प्रेशरही तपासा. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं चालू इंजिनाच्या जोडाजवळ फिरवलं की आवाजाची जागा बरोबर सापडते, फक्त फॅनपासून हात लांब ठेवा.