मदत हवी आहे: नाताळला पंचवीसेक माणसं घरी येणार, आईचा हात अजून चालत नाही

सगळ्यांना नमस्कार.

आमचं घर सांगलीत, विश्रामबागेत. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात माझे आजोबा कंपाउंडर होते. तेव्हापासून नाताळला सगळं खानदान आमच्याकडे जमतं. मुंबईची मंडळी २४ ला पहाटे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मिरजेला उतरतात, पुण्या-सोलापूरची दुपारपर्यंत येतात. रात्री कॅरलवाले येऊन जातात, २५ ला सकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासना, मग घरी जेवण. काही जण वॉचनाईटपर्यंत, म्हणजे ३१ च्या रात्रीच्या उपासनेपर्यंत, राहतात.

हे सगळं आजवर आईच्या जिवावर चाललं. यंदा श्रावणात तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सुधारलंय, काठी घेऊन चालते, पण उजव्या हाताची पकड अजून आलेली नाही. रक्तदाबामुळे मीठ कमी आणि दुपारची झोप चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

मोठा भाऊ मुंबईहून म्हणतो, फराळ विकत आणू, जेवण केटररला देऊ, आईनं फक्त खुर्चीत बसायचं. तो काळजीनंच बोलतो. पण आईनं ते ऐकलं आणि त्या दिवशी नीट जेवली नाही. परवा तिनं फराळाच्या सामानाचा डबा काढून मागितला, त्यातलं करंजीचं कातणं शोधलं आणि डाव्या हातानं रिकाम्या पोळपाटावर फिरवत बसली. रेघ वाकडी जात होती, तरी पुन्हा पुन्हा फिरवत होती. ते बघितल्यापासून मला केटररला फोन लावायचं धैर्य होत नाही. तिला कामातून उठवायचं नाही, फक्त तिच्यावरचा भार काढायचाय. हे कसं जमवायचं?

अडचणी अशा:

अनारसे तिच्याशिवाय घरात कोणी केलेले नाहीत. प्रमाण ती "अंदाजानं" सांगते. मी आणि बायको करणार आहोत. तळताना हसू नयेत, म्हणजे तेलात फुटून पसरू नयेत, म्हणून काय बघायचं?

धाकट्या बहिणीचे सासू-सासरे पहिल्यांदाच नाताळला येतायत. दोघंही माळकरी, वारी न चुकवणारे. लग्नाच्या वेळी थोडा दुरावा होता, आता ते आपणहून "येतो" म्हणालेत, याचं मला फार मोल आहे. आमच्याकडे २५ ला मटण असतंच. त्यांना अवघडल्यासारखं होता कामा नये.

तिसरं झोपण्याचं. खोल्या तीन. इथं डिसेंबरात पहाटे चांगलाच गारठा असतो, म्हाताऱ्यांना गच्चीवरच्या मांडवात झोपवता येणार नाही.

प्रतिसाद:
भाऊ, अनारशाला आत्ताच लागा. जुना तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. मग निथळून सुती कापडावर पसरा. पूर्ण वाळू द्यायचा नाही, हाताला दमट लागला पाहिजे, तेव्हाच दळून बारीक चाळायचा. पीठ वजन करून तेवढाच किंवा किंचित कमी चिरलेला गूळ. पाणी अजिबात नाही. मळून डब्यात दाबून आठवडाभर तरी ठेवा. थापताना खसखस एकाच बाजूला लावा आणि तळताना तीच बाजू वर ठेवा, उलटू नका. बहुतेक वेळा गूळ जास्त झाला की अनारसा हसतो. आधी एकच तळून बघा. हसला तर पिठात थोडं तांदळाचंच पीठ मिसळा. आणि तो पहिला अनारसा आईंनाच दाखवा, त्या बघताक्षणी सांगतील काय कमी-जास्त आहे.

प्रतिसाद:
माझ्या सासूबाईंना असाच झटका आला होता, म्हणून लिहिते. आईंना कढईजवळ बसवू नका. हाताला बधिरपणा असेल तर चटका बसलेला कळतही नाही. टेबलाशी बसवा, पोळपाटाखाली ओला रुमाल घाला म्हणजे तो सरकत नाही. कणीक मळणं, शंकरपाळ्या कापणं हे दोन्ही हातांनी थोडा थोडा वेळ करता येतं, पण फिजिओथेरपिस्टला एकदा विचारून घ्या. चकली-चिवड्याचा त्यांचा वाटा कमी मिठाचा करून वेगळ्या डब्यात ठेवा. दुपारी एक खोली फक्त त्यांची. पाहुणे कितीही जवळचे असोत, त्या वेळात दार बंद.

प्रतिसाद:
माळकरी घरातली आहे. मटण शिजतंय याचा आम्हाला राग नसतो, पण पळी इकडची तिकडे गेली की घास उतरत नाही. शाकाहारी स्वयंपाक सकाळी सगळ्यात आधी उरका, भांडी-तेल वेगळं, शक्यतो शेजारच्या घरी. पंगतही त्यांची आधी बसवा. कांदा-लसूण चालतो का ते बहिणीला विचारा, घराघरात वेगळं असतं. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, केकमध्ये अंडं असतं! त्यांच्यासाठी दही घालून बिनअंड्याचा करा. २५ ला एकादशी येत नाही ना, तेही कॅलेंडरात बघून ठेवा.

गाद्या-रजया मांडववाल्याकडे भाड्यानं मिळतात, आत्ताच सांगून ठेवा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. तांदूळ काल भिजवला. आई पाणी बदलायची वेळ स्वतः लक्षात ठेवून हाक मारते.

कढईबद्दल सांगितलंत ते फार बरं झालं, हा विचारच डोक्यात नव्हता. शेजारच्या काकूंनी त्यांचं स्वयंपाकघर लगेच देऊ केलं. दिवाळीला त्यांच्याकडून ताट येतं, नाताळला आमच्याकडून क्रोशाचा रुमाल झाकून जातं, हे आम्ही लहान असल्यापासून चालू आहे. कोणाच्या घरी काय जास्त ठेवायचं, हे आईला तोंडपाठ. म्हणून ताटांची यादी तीच सांगणार आणि माझी मुलगी लिहून घेणार, असं ठरलं. भावाशीही बोललो. मटण आणि पुलाव केटररकडून, फराळ घरचा, यावर तो राजी झाला.

आता एकच विचारायचंय. आईचं माहेर साताऱ्याचं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक शेवटच्या वर्षांत साताऱ्यात होते, तिच्या आजोळी त्यांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणत. २४ च्या रात्री ती सुरुवात करते आणि आम्ही मागून धरतो. व्याही स्वतः वारीत टाळ घेऊन उभे राहणारे आहेत. त्यांना आमच्याबरोबर टाळ धरायला बोलावलं तर त्यांना संकोच होईल का? माळकरी ताई, तुम्हीच सांगा. आणि विचारायचं तर मी विचारू, की आईनं?