कीनोटपुरतं जाऊ नका
टेक कॉन्फरन्सचं कीनोट, म्हणजे सुरुवातीचं मुख्य भाषण, घरबसल्या यूट्यूबवर दिसतं, मग तिकिटाला पैसे कशाला घालायचे, असं काही जण विचारतात. नुसत्या कीनोटसाठी नकाच जाऊ! २०१८च्या गूगल आय/ओला, म्हणजे गूगलच्या डेव्हलपर कॉन्फरन्सला, मी कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या शोरलाइन अँफिथिएटरमध्ये होतो. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाईंनी ड्युप्लेक्सचा, म्हणजे माणसासारखं बोलून अपॉइंटमेंट घेणाऱ्या यंत्राचा, सलूनला केलेला फोन ऐकवला. सलूनवाली बाई 'एक सेकंद हं' म्हणाली, त्यावर पलीकडून यंत्राने चक्क 'म्-हम्म' केलं आणि सगळे खो खो हसले. तो हशा व्हिडिओतही ऐकू येतो म्हणा.

खरी कमाई ऑफिस अवर्सची, म्हणजे गूगलच्या इंजिनिअरांना समोरासमोर प्रश्न विचारायच्या वेळेची. अँड्रॉइडच्या इंजिनिअरसमोर लॅपटॉप उघडला, आठवडाभर छळणारा क्रॅश दाखवला. दहा मिनिटांत सुटला. सेशन्स नंतर बघता येतात, हे नाही.

आणि टोपी न्या. तेव्हा बरंचसं उघड्यावर होतं. पुण्याचं ऊन पचवलेलं माझं नाकही सोलवटलं होतं.