सुदानच्या युद्धाची बातमी मराठीत सलग कुठे वाचायला मिळेल?

खडकवासलाकर:

नमस्कार मंडळी. इथे वृत्तपत्रांत काम केलेली, बाहेरदेशी राहिलेली माणसं आहेत, म्हणून विचारतो. सुदानमधल्या युद्धाबद्दल मराठीत तारीखवार, सलग वाचता येईल अशी एखादी जागा कोणाला माहीत आहे का? आणि नसेल तर ती का नाही?

मी रोज दोन मराठी आणि एक इंग्रजी पेपर वाचतो. १५ एप्रिल २०२३ ला राजधानी खार्टूममध्ये लष्कर आणि आरएसएफ या निमलष्करी फौजेची जुंपली, तेव्हा आपल्याकडे ती बातमी पहिल्या पानावर होती. आपली माणसं तिथे अडकली होती. 'ऑपरेशन कावेरी' सुरू झालं, नौदलाची जहाजं पोर्ट सुदानला लागली, खार्टूमजवळच्या वादी सीदनाच्या खराब धावपट्टीवर हवाई दलाने रात्रीच्या अंधारात विमान उतरवलं. ३,८०० हून जास्त लोक परत आले. मला त्याचा अभिमान वाटला आणि आजही आहे. ५ मेला मोहीम संपली आणि त्याबरोबर आपल्या पेपरांतला सुदानही संपला.

युद्ध मात्र तेव्हा कुठे सुरू होत होतं. त्याच वर्षी पश्चिम दारफुरमधल्या एल जेनीना शहरात मसालित जमातीच्या लोकांची वेचून कत्तल झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरमधल्याच एल फाशरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. एल फाशर शहराला मे २०२४ पासून वेढा होता. लोक जनावरांची पेंड खाऊन दिवस काढत होते. आरएसएफने शहराभोवती मातीचा बांध घातला, म्हणजे कोणी बाहेर पडू नये. २६ ऑक्टोबर २०२५ च्या सुमारास शहर पडलं. तिथल्या सौदी रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांच्याजवळची माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. जमिनीवरचे रक्ताचे डाग उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत असल्याचं येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. एवढी मोठी गोष्ट माझ्या एका मराठी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आली. दुसऱ्यात मला सापडलीच नाही. काही दिवसांनी आरएसएफने एका भारतीय कामगाराला पकडल्याची बातमी आली, तेव्हा सुदान पुन्हा ठळक मथळ्यात होता. त्या माणसाची काळजी मलाही वाटली. पण एल फाशरमध्ये अडकलेल्या लाखो लोकांना मथळा मिळाला नव्हता, हे कसं विसरायचं?

मला सुदानबद्दल एवढं का वाटतं तेही सांगतो. मी एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलकी कर्मचारी म्हणून नोकरी केली. तिथली मुख्य इमारत म्हणजे सुदान ब्लॉक. पुण्याच्या पुष्कळ लोकांना ते नाव ऐकून माहीत असतं, त्यामागचं कारण माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय जवानांनी सुदानच्या बचावासाठी रक्त सांडलं. त्याची आठवण म्हणून सुदानने १९४१ मध्ये एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या इमारतीच्या कामी लागले. आणखी एक. सुदानची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५३ मध्ये झाली, ती घेणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. असं नातं असलेल्या देशात सव्वा कोटीच्या आसपास लोक घरातून उखडले गेले, आणि आपल्या वाहिन्यांना त्यावर अर्ध्या तासाची चर्चा घ्यावीशी वाटली नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. रागही येतो.

युक्रेन आणि गाझाच्या बातम्या कमी करा असं मी म्हणत नाही. गाझातली मुलं जेवढी आपली, तेवढीच झमझमची.

जुना_उपसंपादक:

काका, मी एका मराठी दैनिकात बरीच वर्षं रात्रपाळीत परदेशाचं पान लावलं आहे. आतून कसं चालतं ते सांगतो.

आमच्या दैनिकाचा आफ्रिकेत एकही बातमीदार नव्हता. सगळी भिस्त पीटीआय, रॉयटर्स, एएफपी यांच्या तारांवर. त्या इंग्रजीत येतात. रात्री नऊनंतर दोन माणसं भाषांतराला बसतात, आणि डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान त्याआधीच सुटलेलं असतं. पान पूर्ण मिळालं तर नशीब, एरवी खालची अर्धी बाजू जाहिरातीची. उरलेल्या जागेत अमेरिका, पाकिस्तान, चीन आधी बसतात. मग जो अँकर, म्हणजे पानाच्या तळाची जागा, उरतो त्यात एखादी हलकीफुलकी बातमी हवी असते. सुदानला सिंगल कॉलम मिळायचा, तोही कुठलीतरी जाहिरात ऐनवेळी रद्द झाली तर.

तरी सगळा दोष जागेला देता येत नाही. सुदानची बातमी एका परिच्छेदात सांगणं खरंच कठीण आहे. युक्रेनमध्ये कोणी कोणावर चाल केली ते एका वाक्यात सांगता येतं. इथे लष्कराचे जनरल बुऱ्हान आणि आरएसएफचे दगालो, म्हणजे हेमेदती, या दोघांनी मिळूनच ऑक्टोबर २०२१ मध्ये नागरी सरकार उलथवलं होतं. नंतर आरएसएफला लष्करात कधी आणि कोणाच्या हाताखाली विलीन करायचं यावरून फाटलं. आरएसएफचं मूळ जंजावीद टोळ्यांत. वीस वर्षांपूर्वी दारफुरमध्ये गावंच्या गावं जाळणाऱ्या त्या याच. आणि त्यांना तेव्हा हत्यारं दिली ती लष्करशहा ओमर अल बशीर यांच्या खार्टूममधल्या सरकारने. म्हणजे लष्कराने जे पोसलं तेच लष्करावर उलटलं. एवढी पार्श्वभूमी दिल्याशिवाय आजची बातमी कळत नाही, आणि पार्श्वभूमीला जागा नसते.

शिवाय सोन्याचा प्रश्न आहे. सुदानचं बहुतेक सोनं संयुक्त अरब अमिरातीत जातं. अमिरातीकडून आरएसएफला शस्त्रं मिळतात हा आरोप विश्वासार्ह असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने जानेवारी २०२४ च्या अहवालात म्हटलं. अमिराती ते नाकारते. सुदानचं सरकार आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, पण मे २०२५ मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून दावा काढून टाकला. आपली लाखो माणसं अमिरातीत नोकरीला आहेत, व्यापार प्रचंड आहे. असा विषय आला की कुठलाही संपादक दोनदा विचार करतो. मला कोणी कधी 'छापू नका' असं सांगितलं नाही. सांगावं लागत नाही.

मराठीत सलग अशी जागा माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजी चालत असेल तर 'रेडिओ दबंगा' वाचा. सुदानी पत्रकार नेदरलँड्समधून चालवतात, गावागावाची बातमी असते. 'सुदान ट्रिब्यून' दुसरं. राजकारणासाठी अल जझीरा, पण ती वाहिनी कतारची आहे हे लक्षात ठेवून.

निफाडची_द्राक्षं:

काका, तुमची तळमळ पटली, पण एक बोलतो. तुम्हाला सुदान जवळचा वाटला तो सुदान ब्लॉकमुळे. माणूस असाच असतो. संबंध असल्याशिवाय वाचत नाही.

येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले नोव्हेंबर २०२३ मध्ये. आमचा माल, म्हणजे द्राक्षं, जानेवारीपासून युरोपला निघतो. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. न्हावा शेवाहून कंटेनरचं भाडं दुपटीच्या वर गेलं, माल पोचायला दोन आठवडे जास्त. द्राक्ष नाशवंत. टीव्हीवर रोज क्षेपणास्त्रं दाखवत होते, पण नाशिकच्या बागायतदाराला याची झळ किती लागते हे सांगणारी बातमी आम्हाला शोधावी लागत होती. मला वाटतं परदेशी बातमी अशी आपल्या दारापर्यंत आणून सोडली पाहिजे. मग लोक आपोआप वाचतील. नुसती दया येऊन कोणी रोज पेपर उघडत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याची बातमी आतल्या पानावर जाते, तिथे दारफुरचं काय घेऊन बसलात!

कोंढव्यातली_मावशी:

हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या कोंढव्यात सुदानी विद्यार्थी कित्येक वर्षं राहत आले आहेत. पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांत त्यांची संख्या चांगली मोठी असते. आमचा वरचा मजला आम्ही त्यांनाच देतो. अतिशय अदबशीर मुलं. खाली उतरली की आधी सलाम, मग माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी.

युद्ध सुरू झालं तेव्हा वर राहणाऱ्या मुलाचं घर ओमदुरमानला होतं, खार्टूमच्या समोर, नाईलच्या पलीकडे. घरून पैसे येणं थांबलं. फी थकली. कॉलेजने मुदत दिली, पण मुदतीलाही अंत असतो. आम्ही भाडं मागितलं नाही, त्याने नंतर हट्टाने सगळं चुकतं केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातलं मोबाइल नेटवर्कच बंद पडलं, तेव्हा घरचे जिवंत आहेत का हेसुद्धा त्याला कळत नव्हतं. शेवटी आई आणि दोन बहिणी वादी हल्फाच्या वाटेने इजिप्तमध्ये पोचल्या. वडील घर सांभाळायला मागे राहिले. मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्टूम परत घेतलं, तेव्हा ही मुलं गच्चीवर जमून रडली, हसली. मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यातलाच एक दारफुरचा मुलगा मात्र गप्प बसून होता, कारण त्याच्या गावाच्या वाट्याला त्या विजयातलं काही येणार नव्हतं.

त्यांच्याकडूनच मला एक कळलं आणि ते कुठल्याच पेपरात वाचलेलं नाही. सरकार नाही, मदत संस्था पोचू शकत नाहीत, तिथे मोहल्ल्यातल्या तरुण पोरापोरींनी स्वतः खोल्या उघडल्या. 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' म्हणतात त्यांना. डाळ, 'फूल' (म्हणजे तिकडची बाकल्याची उसळ), जे मिळेल ते मोठ्या पातेल्यात शिजवून वाटायचं. आजारी माणसाला हातगाडीवर घालून न्यायचं. दोन्ही बाजूंचे सैनिक त्यांनाच पकडतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा त्यांची शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. त्याच वर्षी त्यांना स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या मोहल्ल्यात कोरोनात आम्हीही अन्न वाटलं आहे, म्हणून मला त्या मुलांचं मोल कळतं. ही बातमी वाचायला कोणाला अवघड जाईल? हिला पार्श्वभूमीसुद्धा लागत नाही.

खडकवासलाकर:

मावशी, तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. पुण्यातल्या एखाद्या वार्ताहराने कोंढव्यात येऊन या मुलांशी नुसतं बोलायचं ठरवलं, तरी पुरवणीचं एक पान सहज होईल. विमानाचं तिकीट नको, व्हिसा नको.

निफाडकर दादा, तुमचा मुद्दा खोटा नाही. मी सुदान ब्लॉकमुळेच तिकडे पाहायला लागलो. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. संबंधामुळे बातमी सुरू होऊ दे, पण आपला माणूस विमानात बसला की बातमीही विमानात बसते, ते मला मान्य नाही. द्राक्षांचं भाडं उतरलं म्हणून येमेनमधला माणूस जेवायला लागत नाही. आणि कर्जबाजारी शेतकऱ्याची बातमी आत जाते ती दारफुरमुळे नव्हे. ती जागा दारफुरला कधी मिळालेलीच नाही. ती कोण खातं ते उपसंपादक साहेबांनी वर लिहिलं आहे.

साहेब, तुमच्या उत्तरातलं सोन्याचं प्रकरण मला नवीन होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका, सौदी, इजिप्त आणि अमिराती या चौघांनी मिळून तीन महिन्यांच्या युद्धविरामाचा आराखडा मांडला, तेव्हा मला तो आशेचा वाटला होता. आता कळतं, की ज्याच्यावर शस्त्रं पुरवल्याचा आरोप आहे तोच मध्यस्थांच्या टेबलावर बसला आहे. इजिप्तही लष्कराच्या बाजूचा. हे दोन वाक्यांत कोणी छापलं असतं तरी माझ्यासारख्या वाचकाला त्या आराखड्याची किंमत कळली असती.

'रेडिओ दबंगा' कालपासून वाचतो आहे. दर रविवारी आठवड्याच्या पाच-सहा घडामोडी मराठीत, तारीख आणि गावाच्या नावासह, इथेच लिहायच्या असं मी ठरवलं आहे. दोन कामांत मदत हवी आहे. उपसंपादक साहेब, तुम्ही मजकूर एकदा डोळ्यांखालून घालाल का? आणि मावशी, वरच्या मजल्यावरच्या मुलांपैकी कोणी गावांच्या नावांचे उच्चार सांगेल का? एल फाशरचं नाव तीन पेपरांत तीन तऱ्हेने छापलं होतं.

कोंढव्यातली_मावशी:

विचारलं. दारफुरचा मुलगा तयार आहे. शनिवारी संध्याकाळी त्याला वेळ असतो. तो म्हणतो, नावांबरोबर नकाशाही काढून देईन, कारण अर्धी गावं आता नकाशात आहेत तशी राहिलेली नाहीत.

जुना_उपसंपादक:

मी तपासून देतो. शनिवारी रात्री दहापर्यंत पाठवा. आकडा असेल तिथे तो कोणी दिला ते लिहायचं, आणि लष्कराने केलेले हवाई हल्लेही तेवढ्याच जागेत यायला हवेत. आरएसएफ क्रूर आहे म्हणून बुऱ्हान यांच्या विमानांनी बाजारांवर टाकलेले बॉम्ब सुटता कामा नयेत.